तेम्निकची फळी

रोज संध्याकाळी कोंबड्या आत घातल्या की ओझ्बेयकाका काठी घेऊन घळीच्या तोंडाशी जायचे आणि फळीवरून तळहात फिरवायचे. फळी रिकामी आहे हे दहा पावलांवरूनही दिसत असायचं. तरी ते हात फिरवायचे, सावकाश, या टोकापासून त्या टोकापर्यंत, जेवणानंतर टेबल पुसावं तसा. मग हात पँटला पुसून घरी यायचे.

फळी म्हणजे तेम्निक घळीच्या तोंडाशी, कमरेइतक्या उंचीवर, खडकातून पुढे आलेली सपाट कड. आत जाणाऱ्याने तिच्यावर आपला दगड ठेवायचा आणि बाहेर आल्यावर आपणच उचलायचा. आमच्या पोद्स्काला गावात प्रत्येकाचा दगड ठरलेला असतो, सोचा नदीतून निवडलेला, खिशात वागवून गुळगुळीत झालेला. अंधार पडताना फळीवर दगड दिसला, तर कोणीतरी आत अडकलंय. मग चर्चची घंटा वाजवायची आणि दोर घेऊन धावायचं. फळी रिकामी असली की सगळे आपापल्या घरी. दुसऱ्याच्या दगडाला हात लावायचा नाही, हे आम्हाला पोहण्याआधी शिकवतात.

हल्ली हेल्मेट घालून येणारे पाहुणेही फोटोपुरता दगड ठेवतात आणि विसरून जातात. मी उन्हाळ्यात वाटाड्याचं काम करते, त्यामुळे त्यांना हुडकून आणायचं काम माझ्याकडे. काका तो दगड कधीच उचलायचे नाहीत. एकदा तीन किलोमीटरवरच्या तंबूतून एका जर्मन माणसाला आम्ही घेऊन आलो. पायात न्हाणीघरातल्या चपला, ओठावर टूथपेस्ट.

"काय म्हणतोय तो?" काकांनी विचारलं.

"म्हणतोय, एवढ्यासाठी मला आणलंत? तुम्हीच उचलायचा होता की."

"त्याला सांग, मी उचलला असता तर तू अजून आतच राहिला असतास."

मी सांगितलं. तो पोट धरून हसला. काका हसले नाहीत.

तरुणपणी त्यांनी आणि त्यांच्या धाकट्या भावाने, लुडविकने, आमच्या खोऱ्यातली एकूण एक घळ पायी पालथी घातली होती. तेव्हा रबरी पोशाख नव्हते. लोकरीचे मोजे, खिळे मारलेले बूट, भिजला की दुप्पट जड होणारा तागाचा दोर. ऑगस्टमध्ये पाणी उतरलं की दोघे शिरायचे. काका दोराने खोली मोजायचे, लुडविक शाळेच्या वहीत नकाशा काढायचा आणि डोहांना नावं ठेवायचा. सासूची कढई, बिशपची न्हाणी. ती नावं आजही चालतात. आज मी पाहुण्यांना सांगते, सांभाळून, पुढे सासूची कढई आहे, आणि ते हसतात.

त्र्याऐंशीच्या ऑगस्टमध्ये लुडविक घरी आला नाही. त्या रात्री डोंगरावर मोठा पाऊस झाला, पण फळी रिकामी होती, म्हणून घंटा वाजली नाही. सकाळी लोकांनी काठाकाठाने शोध घेतला, तोही अर्ध्या मनाने. दगड नेलाय, म्हणजे माणूस बाहेर पडलाय. आणि खिंडीपलीकडे इटली. आठवड्याभरात गावाचं ठरलं की लुडविक बायकोला टाकून पळाला. तिकडच्या बाजारात त्याला पाहिल्याचंही दोघांतिघांना आठवू लागलं. मिलोयका तेव्हा एकोणतीस वर्षांची होती. तिने पुन्हा लग्न केलं नाही. चीज बनवायच्या कारखान्यात निवृत्त होईपर्यंत काम केलं. काका दर ऑक्टोबरला तिच्या अंगणात हिवाळ्याची लाकडं रचून द्यायचे. गाव म्हणायचं, भाऊ निघाला तसला, पण दीर सोन्यासारखा.

गेल्या मोठ्या दुष्काळाच्या उन्हाळ्यात मिलोयकामावशीचं हृदयाचं दुखणं फार वाढलं. एके दिवशी मी काकांबरोबर घेवड्याच्या शेंगा सोलत बसले होते. बोलता बोलता मी म्हटलं, "मावशीने थडग्यावरची पाटी करायला टाकलीय. फक्त स्वतःचं नाव."

"आणि लुडविकचं?"

"पाथरवटाने विचारलं होतं. म्हणाली, जो निघून गेला त्याच्यासाठी जागा कशाला अडवू?"

काकांनी हातातली शेंग पूर्ण सोलली. मग उठून आत गेले.

दुसऱ्या दिवशी उजाडताना ते माझ्या दारात उभे होते, खांद्यावर दोर.

"येरित्सा, घळीतली डावीकडची फट उघडी पडली असेल. एवढं कमी पाणी मी जन्मात पाहिलं नाही. चल."

"काका, तुमचे गुडघे."

"म्हणूनच तुला बोलावतोय. गुडघे चांगले असते तर तुझी बडबड कोण ऐकत बसलं असतं?"

आम्ही आपापले दगड ठेवून आत शिरलो. पाणी घोट्यापर्यंत होतं. डोळ्यांच्या वर, जिथे एरवी लाट आपटते, तिथे वाळलेली शेवाळं केसांसारखी लोंबत होती. आभाळ हातभर रुंदीचं. घळीत आम्ही नावाने हाक मारत नाही, कारण भिंती आवाज फिरवतात आणि माणूस भलतीकडे वळतो. दोन आखूड शिट्ट्या म्हणजे कुठे आहेस, एक लांब म्हणजे इथे आहे.

फट जिथे फुटते तिथे काका एका धोंड्यावर बसले.

"इथूनच तो डावीकडे गेला," ते म्हणाले. "म्हणाला, वरच्या तोंडाने निघतो, जंगलातून खाली येतो. नेहमीचंच. वरून निघाला की परत खाली दगड उचलायला यायचा कंटाळा करायचा. मग मी माझ्याबरोबर त्याचाही उचलायचो आणि जेवताना द्यायचो. कोणाला सांगायचो नाही. बापाने चामडं सोललं असतं."

मला कळायला थोडा वेळ लागला.

"त्या दिवशीही उचललात."

"घरी जाऊन जेवलो. गवत कापायला गेलो. पाऊस आला तेव्हा दगड माझ्या खिशात होता."

"आणि सकाळी?"

"सकाळी सांगणार होतो. मग दुपारी. मग लोक म्हणायला लागले पळाला, आणि मला वाटलं, कोण जाणे, पळालाही असेल." त्यांनी पाण्यात हात बुडवून तोंड पुसलं. "तिला नुसतं तोंडाने कसं सांगू? त्याचं काहीतरी सापडलं तर हातात ठेवता येईल. बुटाचा खिळा सापडला तरी चालेल."

आम्ही दोन तास त्या फटीत होतो, काही ठिकाणी आडवं होऊन, गाल खडकाला घासत. शेवटी वाट संपली. त्या पुरात वरून कोसळलेल्या धोंड्यांनी फट छतापर्यंत बुजली होती. खालून बोटभर पाणी झिरपत होतं. खिळा नव्हता, काहीच नव्हतं.

काकांनी दोन आखूड शिट्ट्या मारल्या.

प्रतिध्वनी आला तर दोनच यायला हव्यात. धोंड्यांच्या मागून एक आली, लांब.

मी त्यांचा दंड धरला. ते त्या भिंतीकडे बघत होते, चेहऱ्यावर आश्चर्य अजिबात नव्हतं.

"रोज संध्याकाळी फळीपाशीही अशीच येते," ते म्हणाले. "चल, परत फिरू."

बाहेर पडल्यावर ते घरी गेले आणि ओल्या कपड्यांनीच मिलोयकामावशीकडे निघाले. जिना चढवायला मी बरोबर होते. ती घेवडा निवडत होती.

"बस. कॉफी टाकते."

"कॉफी नको."

"मग ही सगळी रेती माझ्या स्वयंपाकघरात झाडायला आलायस?"

काकांनी खिशातून दगड काढून टेबलावर ठेवला. तांबूस, मधोमध पांढरी शीर. तिने हात पुसले, तो उचलला, अंगठ्याने शिरेवरून फिरवला.

"हा कुठे सापडला?"

"सापडला नाही. माझ्याकडेच होता. त्या दिवशी मीच उचलला. तो बाहेर आलाच नाही, मिलोयका."

मग तिने अगदी साध्या आवाजात विचारलं, "पाऊस किती वाजता सुरू झाला?"

"आठला."

"मी सहाला गेले होते फळीपाशी. पिठाच्या हातांनी. रिकामी दिसली म्हणून घरी येऊन शेवया कापल्या." तिने दगड परत टेबलावर ठेवला. "दोन तास होते."

"हो."

"एकोणचाळीस वर्षं मी त्याला शिव्या घातल्या. तोंडाला येतील त्या. चर्चमध्येसुद्धा. आणि तू खाली अंगणात लाकडं रचत होतास."

"हो."

"टोपी घे तुझी."

तिने एवढंच म्हटलं. दुसऱ्या दिवशी ती स्वतः पाथरवटाकडे गेली, आणि मृतांच्या सणाला गावाने पाटी पाहिली. वर लुडविकचं नाव, मग मोकळी जागा, खाली तिचं. कबरीत कोणी नसतानाही तिने तिथे मेणबत्ती लावली. लोक खाली मान घालून जवळून जात होते. ज्यांना तो इटलीच्या बाजारात दिसला होता, ते त्या दिवशी आलेच नाहीत. काका दफनभूमीच्या भिंतीबाहेर उभे राहिले. ऑक्टोबरमध्ये त्यांनी नेहमीसारखी लाकडं रचली होती. तिने त्यांतलं एकही जाळलं नाही, दुसऱ्या गावातून विकत आणली.

"आता थांबेल असं वाटलं होतं," काका मला एकदा म्हणाले. शिट्टीबद्दल बोलत होते. "उलट जवळ आलीय. घराच्या मागे वाजते."

नाताळच्या सुट्टीत मी रोज दुपारी त्यांचं जेवण करायला जायचे. अठ्ठावीस तारखेला ते चुलीजवळच्या बाकावर बसल्या बसल्या गेले, जेवण वाढायच्या आत. त्याच्या पाच-दहा मिनिटं आधी बाहेर बर्फ पडत होता, मी मक्याचं पीठ शिजवत होते, आणि घरामागून काहीतरी ऐकू आलं म्हणून माझा हात थांबला. काकांनी डोळेही उघडले नाहीत.

"ढवळत राहा, पोरी," ते म्हणाले. "खाली लागेल."