बापूंच्या रिळाची मूठ

आमच्या चौघांचा छंद सांगितला की लोक आधी हसतात, मग किस्से मागतात. छंद काय, तर गळाची दोरी गुंडाळायची जुनी विलायती रिळं जमवायची. पितळी, लाकडी, शिंगाच्या मुठीची. नियम एकच, जुन्या पॉलिशला हात लावायचा नाही! पण नियम केला की तो मोडणारं माणूस घरातच निघतं.

शिंदे कवठे महांकाळचा. उन्हाळ्यात गावाला टँकर, आणि ह्याच्याकडं कपाटभर रिळं! एकदा विचारलं, "गड्या, तिकडं मासा तरी बघितलायस का?"

तर म्हणतो, "पाणी न्हाई म्हणून तर गंज न्हाई!"

शिंदेनंच एक तडकलेलं लाकडी रीळ मिरजेत तंबोरे करणाऱ्या काकांकडं दिलं. काकांनी लाखेचं पॉलिश झकास केलं. वर, रीळ फिरवताना होणारी कटकट त्यांना ऐकवेना, म्हणून आतली पट्टी घासून आवाज गोड करून दिला! आमच्यातले बापू भडकले, "मासा काय मैफलीला येणार हाय व्हय?"

हे बापू म्हणजे रहिमतपूरचे रिटायर्ड फौजी. खंडेनवमीला हत्यारांबरोबर रिळांचीही पूजा करायची म्हणून त्यांनी ती बाहेर काढून ठेवली. वहिनींनी सगळी चिंचेनं लख्ख घासली! पितळेवरची जुनी काळसर झाक मोरीतून वाहून गेली. बापू जेवलेच नाहीत. वहिनी म्हणाल्या, "आवं, देवापुढं काळं सामान ठिवू व्हय?"

शिंगाच्या मुठीचं एक रीळ तेवढं फडताळात होतं म्हणून वाचलं. बापूंचा सगळा जीव त्यात. पण ती मूठ खरंच शिंगाची की प्लॅस्टिकची, यावरनं आमची कायम भांडणं. तापलेली सुई टोचली की वासावरून कळतं, पण बापू टोचू देतील तर शपथ!

शेवटी पुण्याचे एक जाणकार आले. सोबत त्यांचं स्वतःचं शिंगाच्या मुठीचं रीळ, मखमलीत गुंडाळलेलं. भिंगातून बापूंची मूठ बघितली आणि म्हणाले, "सॉरी. प्लॅस्टिक आहे." बापूंचं तोंड एवढंसं झालं. मला लय वाईट वाटलं.

चहाला आत गेलो. बाहेर येतो तर बापूंचा कुत्रा मोत्या खाटेखाली ती मूठ कडाकडा चावतोय! आता बापू काठी काढणार, म्हणून आम्ही मागं सरलो. तर बापू उड्याच मारायला लागले! "अस्सल हाय! प्लॅस्टिकला आमचा मोत्या तोंड लावत न्हाई!"

मग त्यांनी पाव्हण्यांचं रीळ उचललं आणि मोत्यापुढं धरलं.

मोत्यानं हुंगलं, आणि तोंड फिरवून बसला.