बाबांचा आवाज आणि पडवीतला मेन स्विच

डॉक्टर म्हणाले, "गळ्याचा जुना स्कॅन संध्याकाळपर्यंत दाखवा. हा डाग त्यातही असेल, तर एका बाजूचा आवाज वाचवता येईल. नाहीतर उद्या अख्खं स्वरयंत्र काढावं लागेल."

बाबा गावापासून लांबच्या या हॉस्पिटलात कॉटवर बसून ऐकत होते. गेले कित्येक दिवस त्यांच्या गळ्यातून नुसती हवा यायची. मी आईकडे बघितलं. आईने खाली बघितलं.

"ती सीडी वाडीत लावली," ती म्हणाली.

"लावली म्हणजे?"

"वानरांसाठी. चकाकते ना. ह्यांनीच बांधली केळीला."

आमच्या श्रीवर्धनात चकाकणारी कुठलीही वस्तू घरात टिकत नाही, वाडीत जाते. एरवी मी लोळून हसलो असतो. स्कॅन काढणाऱ्यांना फोन केला, तर म्हणे इतकं जुनं आम्ही ठेवत नाही.

मग आठवलं. सीडी केळीवर चढायच्या आधी मी ती घरच्या कॉम्प्युटरवर उतरवून घेतली होती. कॉम्प्युटर कसला, कुठल्याशा ऑफिसने टाकलेलं डबडं. त्यात मी लिनक्स घातलं. पण मी नोकरीला उरणला आणि डबडं श्रीवर्धनला. म्हणून मे महिन्याच्या सुट्टीत त्याला लांबून उठायला शिकवलं. मशीन बंद असलं तरी प्लग चालू असेल, तर त्याचं नेटवर्क कार्ड एक कान उघडा ठेवून झोपतं. स्वतःचा नंबर लागोपाठ सोळा वेळा ऐकला की मशीनला उठवतं. त्यासाठी आधी बायोसमध्ये, म्हणजे मशीनच्या मुळातल्या सेटिंगमध्ये, परवानगी द्यायची. मग लिनक्समध्ये एक कमांड, आणि ती दर वेळी आपोआप चालेल अशी सोय, नाहीतर पठ्ठ्या विसरतो. हाका मारायला राऊटरमध्ये छोटासा प्रोग्राम टाकला. आई तेव्हा म्हणालेली, "तुला सोळा हाका मारल्या तरी उठत न्हाईस. ह्याला बरं कळतं."

बाबांच्या कॉटजवळ लॅपटॉप उघडला. डबडं राहू दे, राऊटरच सापडेना. परत केलं. परत.

"आई, निघताना काय काय बंद केलंस?"

"सगळं. गॅस, नळ, मेन स्विच. गावाला जाताना मेन चालू ठेवतं काय कोण?"

मेन पडवीत. पडवीची चावी शेजारच्या काकाकडे, रोज तेलाचा दिवा लावायला. कॉम्प्युटर आतल्या खोलीत, आणि तिची चावी इथे, आईच्या कमरेला. म्हणजे काकाने मेन वर करायचा, बाकी उठवाउठवी मी इथून करणार. काकाला फोन लावला.

"काका, आमचा मेन चालू करा ना, बाबांच्या..."

"आज कोणाचा आवाज काढतोस? गेल्या खेपेला लाईट ऑफिसचा साहेब झालास, मी बिल घेऊन उन्हात उभा! तुझी आई सांगून गेली हाय, मेनला हात लावायचा न्हाय."

"काका, शप्पथ..."

"बापाचा आवाज आला की त्यालाच सांग फोन करायला." ठेवला.

आईने लावला. "वहिनींचा पण आवाज काढतोस होय रे?" म्हणून तोही ठेवला. काकाचा फोन बटणांचा. तोंड दाखवायचीही सोय नाही.

बापाला सांग म्हणे! बापाला आवाज असता तर ही सगळी धावपळ कशाला? खिडकीत उन्हं उतरायला लागली होती. शाळेत असल्यापासून मी बाबांचा आवाज काढतो, पण त्यांच्यासमोर कधीच नाही. मी त्यांच्याकडे बघितलं. त्यांनी माझ्या हातातल्या फोनकडे बघितलं आणि मान हलवली. लाव.

"अरे, मी बोलतोय," मी खर्जात सुरू केलं.

बाबांनी माझं मनगट दाबलं. असं नाही. ते काकाला मारतात ती हाक ओठ हलवून सांगितली.

"वानरा!" मी ओरडलो. "मेन वर कर म्हणतो ना पोरगा!"

पलीकडे काका रडायलाच लागला. "आला रे? आवाज आला तुझा? थांब, जातो, फोन ठेवू नको." कडी वाजली. खट्कन मेन वर गेल्याचं ऐकू आलं. बाबा डोळे मिटून बसले होते. काकाला खरं काय ते मला सांगवेना.

राऊटर उठला. मी हाका मारल्या. काही नाही. पुन्हा मारल्या. मशीन बंद करून मी हे दहादा तपासलं होतं, पण प्लग काढून एकदाही नाही. मेन गेल्यावर कार्ड शिकलेलं विसरलं असेल तर? पुन्हा हाका. आई पुटपुटत होती, देवाला की डबड्याला, माहीत नाही. आणि स्क्रीनवर एक ओळ आली. मग दुसरी. डबडं उठलं होतं.

डॉक्टर निघायच्या बेतात होते. जुना स्कॅन उतरवून लॅपटॉप तसाच त्यांच्यापुढे धरला. त्यांनी नवा स्कॅन शेजारी धरून बघितला. "आहे," म्हणाले. "जुनाच डाग आहे."

एक बाजू वाचली. पुढे बाबांना आवाज आला, पण वेगळाच. बारीक, खरखरीत, मध्येच तुटणारा. मला तो अजून काढता येत नाही. आवाज आल्या आल्या त्यांनी काकाला फोन केला. "वानरा, मी बोलतोय."

"हे कोणाचं सोंग काढलंस रे?" काका तिकडून खेकसला. "गप बापाला दे फोन!"

बाबांनी फोन माझ्या हातात दिला. "तूच बोल," म्हणाले.