पाचोळ्याला हिरवा टॅग

"हे काय आहे?" ऑडिटर मॅडमनी बकुळीच्या आळ्याकडे बोट दाखवलं.

आळ्यात वीतभर पाचोळा होता. शेजारी आमचे प्लांट हेड देशमुख साहेब माझ्याकडे बघत होते. आदल्या दिवशीच ते म्हणाले होते, "उद्या कस्टमरचं ऑडिट आहे. आवारात एक पान दिसता कामा नये." मी "हो सर" म्हणालो होतो, आणि पाचोळा तसाच ठेवला होता.

मी चाकणच्या एका कंपनीत ॲडमिन बघतो. बागही माझ्याकडेच. आमच्याकडे रिटायर होणारा माणूस आवारात एक झाड लावून जातो. ही बकुळ प्रेस शॉपच्या, म्हणजे मशीनवर पत्रा दाबून भाग काढणाऱ्या विभागाच्या, सुतारमामांची. ते शेजारच्याच निघोजे गावात राहतात. भाजीला निघाले की गेटवर थांबून विचारणार, "माझी बकुळ कशी हाय, साहेब?" मी म्हणायचो, "मजेत."

ती मजेत नव्हती. फेब्रुवारीत बोअरचं पाणी उतरलं. बागेला आठवड्यातून एकदाच पाणी मिळू लागलं, आणि बकुळीनं मान टाकली. "मजेत" म्हणताना माझा आवाज बारीक व्हायचा.

तेव्हाच आवारातल्या बदामाची पानं गळत होती. दरवर्षी ती ट्रॉली भरून बाहेर जायची. या वर्षी मी ती सगळ्या झाडांच्या आळ्यांत पसरली. याला आच्छादन म्हणतात, मल्चिंग. मातीवर थेट ऊन पडत नाही, ओल टिकते. होळीपर्यंत बकुळीला तांबूस पालवी फुटली. ती पानं मी कशी उचलणार?

मॅडमना सगळं सांगून टाकलं. साहेबांना खोटं "हो" म्हणालो तेही.

"हे मला कशाला सांगताय?"

"राहवलं नाही, मॅडम."

देशमुख साहेबांनी कपाळाला हात लावला.

मॅडमनी वाकून पाचोळ्याखाली बोटं घातली. माती ओली होती. "म्हणजे हा कचरा नाही. मटेरियल आहे."

"हो."

"मग टॅग कुठंय?"

कारखान्यात प्रत्येक मालाला टॅग लागतो. लाल म्हणजे रिजेक्ट, हिरवा म्हणजे ओके. साहेबांनी स्टोअरमधून हिरवे टॅग मागवले. एकावर स्वतः लिहिलं, 'पाचोळा. वापरात.' काठी रोवून तो बांधला. बाकीचे माझ्या हातात दिले. "सगळ्या झाडांना लाव. आणि पुढच्या वेळी सरळ 'नाही सर' म्हण, राव."

संध्याकाळी सुतारमामांना गेटवरून आत आणलं आणि त्यांनाही खरं सांगितलं.

"ठावं हाय," ते म्हणाले. "कुंपणातनं दिसत व्हती मला. तुमचंच तोंड सुकलेलं, म्हणून गप बसलो."

मग त्यांचं लक्ष टॅगकडे गेलं. "उभा जन्म प्रेसवर काढला, साहेब. मला कुणी हिरवा टॅग लावला न्हाई. पाचोळ्याला लावला."

खिशात एक उरला होता. तो मी त्यांच्या शर्टाच्या बटणाला बांधला. मामा तसेच भाजीला गेले.

आच्छादन घालताना खोडापासून चार बोटं जागा सोडावी, नाहीतर खोड कुजतं. आणि बाग कारखान्यात असेल, तर टॅग आधी लावावा.