शेणकाल्यातला लॅक्टोमीटर

मी मत्सरी माणूस आहे. घरात हे सगळ्यांना माहीत आहे. बायको तर पाहुण्यांसमोर सांगते. पण या मत्सराने एकदा मी काय केलं, ते तिलाही मी कधी सांगितलं नाही.

सत्तरच्या दशकात मी नागपूरला शेतीखात्याच्या एका प्रयोगशाळेत होतो. शेणखतात आणि गोबरगॅसच्या टाकीतून निघणाऱ्या पातळ शेणकाल्यात पिकाला लागणारं नत्र किती आहे, ते काढणं हे माझं काम. लांब मानेच्या फ्लास्कमध्ये नमुना अ‍ॅसिडबरोबर तासन् तास उकळायचा, मग त्यातला अमोनिया उडवून दुसऱ्या द्रावणात धरायचा, आणि शेवटी ब्युरेटमधून थेंब थेंब अ‍ॅसिड सोडत हिरव्याचा गुलाबी होईपर्यंत डोळे ताणायचे. दोन दिवस जायचे. त्यात नमुन्यांची रांग, टायपिस्टची रजा. शेतकऱ्याच्या हातात कागद पडेपर्यंत महिना उलटायचा. मला त्यात काही वावगं वाटत नसे. उलट माझा आकडा चुकत नाही, हे सगळं ऑफिस मानायचं आणि मी तोऱ्यात महाल भागातून सायकल मारत कामावर यायचो.

आमच्याकडे एक अटेंडंट होते. सगळे त्यांना मामा म्हणत. माझ्यापेक्षा दहाएक वर्षांनी मोठे, शिक्षण सातवीपर्यंत. आधी ते दूध संकलन केंद्रावर कॅनमध्ये लॅक्टोमीटर बुडवायचं काम करायचे. दूध घट्ट की पातळ, ते सांगणारी ती काचेची नळी. तिथला एक टवका उडालेला लॅक्टोमीटर त्यांनी जपून ठेवला होता. तो ते आमच्याकडे आलेल्या शेणकाल्यात बुडवू लागले. आधी काला फडक्यातून गाळायचे, तेवढंच पाणी घालायचे, मग नळी सोडायचे. काला जितका दाट तितकी नळी वर आणि नत्रही जास्त, असा त्यांचा हिशेब. नळी किती वर तरंगली ते एका वहीत लिहायचे आणि महिन्याने माझा रिपोर्ट निघाला की माझा आकडा त्याच्यापुढे. असं दोन वर्षं चाललं. कोणाला पत्ता नव्हता.

मग एक दिवस व्हरांड्यातल्या खिळ्यावर जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर लिहिलेला एक तक्ता लटकला. नळी इतकी वर आली तर एकराला इतके ड्रम काला, तितकी आली तर तितके. संपलं. पंधरा मिनिटांचं काम.

थंडीत रामटेककडचे दोन शेतकरी रॉकेलच्या डब्यात काला घेऊन आले. माझ्या टेबलावरून सरळ पुढे गेले.

"मामा हायेत का जी?"

मी म्हणालो, "नमुना इथे द्यायचा असतो."

"तुमचा रिपोट यायले महिना लागते जी साहेब. तवरोक गहू पेरून होते. मामा उभ्या उभ्या सांगते."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी बी.एस्सी. होऊन आठ वर्षं अ‍ॅसिडच्या धुरात डोळे लाल करून घेतले, आणि लोक विचारतात कोणाला, तर बाटल्या धुणाऱ्याला! त्या दिवशी मी मामांना तीनदा विनाकारण बाजारात पिटाळलं.

मामांच्या तक्त्याचं आमच्या मोठ्या साहेबांच्या कानावर गेलं. साहेब खूश. म्हणाले, "बारा नवे नमुने घ्या. मामा नळीने मोजतील, तुम्ही तुमच्या रीतीने मोजा. जुळलं, तर रामटेकच्या शेतकरी मेळाव्यात मामाच स्टेजवरून दाखवतील."

त्या मेळाव्यात दरवर्षी मी बोलायचो. लोक पेंगायचे, पण बोलायचो मी.

मामांनी आपला कागद साहेबांना देण्याआधी मला आणून दाखवला. "पाहून घ्या जी. हे तुमचेच आकडे हायेत, मी फक्त नळी बुडवून राहिलो."

मी आठवडाभर बारा नमुने केले. प्रामाणिकपणे केले. बाराच्या बारा जुळले. रजिस्टर उघडून मी बराच वेळ बसलो आणि मग तीन नमुन्यांचं नत्र निम्मं लिहिलं. पाच, आठ आणि अकरा.

साहेबांनी दोन्ही कागद शेजारी ठेवले. त्यांचा चेहरा उतरला. "तीन ठिकाणी एवढा फरक? मग हे लोकांपुढे नाही नेता येणार."

मामा भांडतील, पुन्हा मोजा म्हणतील, याची मी तयारी करून आलो होतो. उत्तरंही पाठ होती. मामा माझ्याकडे बोट करून एवढंच म्हणाले, "साहेबाचा आकडा चुकत नाही जी. माझीच नळी चुकली असन." बाहेर जाऊन त्यांनी खिळ्यावरचा तक्ता काढला, घडी करून खिशात ठेवला आणि सगळ्यांसाठी चहा सांगितला.

मेळाव्यात मी बोललो. लोक पेंगले. नमुने पुन्हा माझ्या टेबलावर येऊ लागले आणि मी सुखाने जेवू लागलो. महिना असा बरा गेला.

मग एका दुपारी मामा माझ्यापुढे येऊन उभे राहिले. "साहेब, मले तुमची रीत शिकवता का जी? नळीत काही खरं नाही. खरं काय ते शिकतो."

नाही म्हणायला काही कारण सापडेना. शिकवलं. दूध तपासताना कमावलेला हात होता तो. ब्युरेटची तोटी त्यांच्या बोटांत अशी फिरायची की थेंब सुटला की नाही ते मला जवळ जाऊन पाहावं लागे. तेही मला खुपलं.

हात बसल्यावर त्यांनी सरावासाठी फ्रिजमधली एक जुनी बाटली काढली. उत्तर रजिस्टरात लिहिलेलं आहे, म्हणजे आपलं आपल्याला तपासता येईल, म्हणून. मी पुढे जाऊन पाहिलं. आठ नंबर.

दोन दिवसांनी त्यांचा आकडा आला. रजिस्टरातल्याच्या दुप्पट. त्यांनी फ्लास्क धुतला आणि पुन्हा केलं. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा केलं. मी तेव्हा शेजारच्या टेबलावर मान खाली घालून बसलो होतो. ब्युरेट तिन्ही वेळा एकाच रेघेवर थांबलं होतं. माझ्या हातून आठ वर्षांत असं कधी झालं नव्हतं. आणि लाज वाटायच्या आधी, खरं सांगतो, माझ्या पोटात दुखलं.

मामा कागद घेऊन आले. कपाळावर घाम होता.

"तीन डाव केलं जी साहेब. तुमच्या आकड्यावर येऊनच नाही राहिलं. माझा हात काही बसत नाही. कुठं चुकतो मी?"

खोलीत आम्ही दोघंच होतो. एक वाक्य बोलायचं होतं.

मी त्यांचा कागद नीट वाचल्यासारखं केलं आणि म्हणालो, "पुन्हा एकदा करून बघा."

"बरं जी," मामा म्हणाले, आणि फ्लास्क धुवायला घेऊन गेले.