आरशांना मोजे घालणाऱ्या हमीदाबाई

हा गौरवग्रंथ आपल्या हाती उशिरा पडतो आहे. त्याबद्दल समितीच्या वतीने दिलगिरी वगैरे मी मुळीच व्यक्त करणार नाही.

हमीदाबाईंची नि माझी ओळख भांडणातून झाली. कळंबच्या शाळेत रुजू झालो त्या दिवशी मधल्या सुट्टीत बाहेर येऊन बघतो, तर माझ्या मोटारसायकलच्या दोन्ही आरशांना मुलांचे जुने मोजे चढवलेले! "कुणाचा हा चावटपणा?" मी ओरडलो.

"माझा," मागून विज्ञानाच्या बाई म्हणाल्या. "आरशात आमच्या दयाळाला दुसरा नर दिसतो. दिवसभर त्याच्याशी भांडत बसला, तर पिल्लांना भरवणार कोण?"

दयाळ पक्षी ओळखायला बाईंनीच शिकवलं. काळंकुळकुळीत अंग, पोट नि पंखावरचा पट्टा पांढराशुभ्र, शेपटी कायम ताठ. मादी जरा करडी. थंडीत हा गप्पगप्प असतो. चैत्र लागला की उजाडायच्या आत सर्वांत उंच टोक गाठून गातो आणि आपल्या हद्दीत दुसऱ्या नराला फिरकू देत नाही. घरटं मात्र कुठल्यातरी भोकात. आमच्याकडे ते शाळेच्या फाटकाच्या दगडी खांबात असतं.

यंदा बाईंनी पंचाहत्तरी गाठली. पाहुण्यांची मोठी गाडी आत यावी म्हणून समितीने नेमका तोच खांब पाडायला माणूस बोलावला. बाई खांबाला पाठ लावून खुर्ची टाकून बसल्या.

"बाई, सरा ना बाजूला. पाखरूच हाय, जाईल दुसरीकडं," खांब पाडायला आलेला माणूस म्हणाला.

"अरे, पिल्लांना अजून उडता येत नाही. जातील कुठे?"

समितीचे अध्यक्ष धावत आले. "बाई, पत्रिका वाटून झाल्यात हो!"

"सत्कार माझाच आहे ना? मग पिल्लं उडाल्यावर करा. नाहीतर करूच नका."

मीही खुर्ची आणून त्यांच्या शेजारी बसलो. खरं सांगतो, नोकरीत इतकं बरं कधी वाटलं नव्हतं.

परवा शेवटचं पिल्लू उडालं आणि नवी तारीख ठरली. आता म्हणे खांब रिकामा झाला, पाडायला काय हरकत? हरकत आहे! पुढच्या चैत्रात दयाळ जागा शोधत तिथेच येणार. पाहुण्यांनी फाटकापासून चालत यावं. त्यांच्या गाडीच्या आरशांसाठी मोजे मी धुऊन ठेवले आहेत.

बाई, अशाच ठणठणीत राहा. तुमच्या शंभरीचा सत्कारही याच फाटकात करू, आणि तोही पिल्लं उडाल्यावरच.