पडलो बे, उचल

बीडच्या एका कोचिंग क्लासचा सर्व्हर आम्ही दोघं मित्र सांभाळायचो. एकाच मशीनवर हजेरी, निकाल, वेबसाइट असे वेगवेगळे लिनक्स कंटेनर, म्हणजे प्रत्येक कामाचा प्रोग्रॅम आपापल्या कप्प्यात, चालायचे. एखादा बंद पडला की मोबाइलवर मेसेज यायचा. त्याचा मजकूर मित्रानं आपल्या बोलीत लिहून ठेवला होता: ‘पडलो बे, उचल.’

मग तो नोकरीसाठी पुण्याला गेला. त्याचा साधा फोनही येईना. मेमरी कमी पडून हजेरीचा कंटेनर मात्र रोज कोसळायचा, आणि तेच शब्द यायचे. लई डोकं फिरायचं. शेवटी वैतागून मी मेमरी वाढवली. कंटेनर पडायचा थांबला.

आठवडाभर मोबाइल गप्प होता. काल दुपारी एकट्यानं डबा उघडला, त्या कंटेनरची मेमरी पुन्हा कमी केली आणि मोबाइल समोर ठेवून जेवायला बसलो.