परवा म्हणजे कधी?

‘ती घटना आजही आठवते’ अशी सुरुवात करायची आमच्या खात्यातल्या निवृत्त मंडळींची पद्धत आहे. मला ती घटना आठवते एका शब्दामुळे. त्या शब्दापायी मी एका निरपराध बाईला कोठडीच्या दारापर्यंत नेलं होतं. शब्द माझ्याच घरातला होता, म्हणून ते जास्त लागलं.

नावं कुणाचीच सांगणार नाही. मी काचीगुड्यात वाढलो. आजोबा बीदरकडची शेती भावांवर सोपवून इथे आले आणि आम्ही हैदराबादचेच झालो. घरात मराठी, गल्लीत दक्खनी, शाळेत तेलुगू. त्या काळी मी पासपोर्ट पडताळणीच्या विभागात इन्स्पेक्टर होतो. पत्ते तपासायचे, शेजाऱ्यांना विचारायचं, रिपोर्ट पाठवायचा. बदली झाली तेव्हा मित्रांनी ‘आता पेन्शनपर्यंत झोप काढ’ म्हणून चेष्टा केली होती.

त्या सोमवारी साडेअकराला पासपोर्ट कार्यालयातून फोन आला. शेवटच्या खिडकीवरचे अधिकारी बोलत होते. हे गृहस्थ उत्तरेकडून बदलून आलेले, अतिशय नेमके.

“इन्स्पेक्टर साहब, एक महिला को रोक रखा है. जल्दी आइए, और लेडी ऑफिसर साथ लाइए.”

मी आमच्या महिला सब-इन्स्पेक्टरला घेऊन निघालो. वरंगलकडची, नोकरीत नवीन, हुशार मुलगी. गाडीतच तिने फोनवर कागद मागवून घेतले आणि मला वाचून दाखवले.

प्रकरण वरवर सरळ होतं. पंचावन्नच्या आसपासची एक मराठी बाई, नारायणगुड्याच्या एका शाळेत ग्रंथपाल. पासपोर्टची मुदत संपत आलेली, म्हणून नूतनीकरणाची तातडीची वेळ घेतली. कागद काढायला बसली तर पासपोर्टच नाही. पोलीस ठाण्यात हरवल्याची तक्रार दिली आणि ती घेऊन खिडकीवर आली. फोटो झाला, बोटांचे ठसे झाले, आणि पासपोर्टचा नंबर टाकताच कॉम्प्युटरने अडवलं. तीन महिन्यांपूर्वी हाच पासपोर्ट दुसऱ्या शहराच्या विमानतळावर पकडला गेला होता. आतला फोटो बदललेला, हातात घेऊन उभी असलेली बाई भलतीच. त्या बाईने जबाबात लिहून दिलं होतं की मूळ मालकिणीनेच पासपोर्ट विकला. तो जबाब आमच्या शहरापर्यंत अजून पोचलाच नव्हता.

आणि आमच्या बाईच्या तक्रारीत काय होतं? ‘पासपोर्ट अमुक तारखेपर्यंत घरच्या कपाटात होता.’ ती तारीख तक्रारीच्या दोनच दिवस आधीची होती.

तीन महिन्यांपूर्वी जप्त झालेली वस्तू गेल्या आठवड्यात कपाटात असू शकत नाही. बाई खोटं बोलतेय, आणि खोटं बोलायला तिला कारण आहे. गाडी सिग्नलला थांबली होती तेवढ्यात माझं मत तयार झालं.

कार्यालयात मागच्या एका खोलीत तिला बसवलं होतं. सुती साडी, मांडीवर निळी फाईल, मुठीत टोकनची चिठ्ठी. नंबर केव्हाच पुढे गेला होता, तरी तिने चिठ्ठी सोडली नव्हती.

“मराठी का तुम्ही?” मी विचारलं.

“हौ साहेब. काचीगुड्याची. तुम्ही बी मराठी का?” तिचा चेहरा जरा उजळला.

संशयिताशी नातं जोडायचं नाही, हे मी पहिल्या वर्षी शिकलो होतो आणि पाठ करून बसलो होतो.

“कुठे जायचंय?”

“मस्कतला. माझी पोरगी तिथं हाय. गाडीचा ॲक्सिडेंट झाला, साहेब. जावई आयसीयूत, पोरीच्या पायाचं ऑपरेशन. तीन वर्षांचं लेकरू शेजाऱ्यांकडं हाय. चांगले लोक हैत, पण लेकराला त्यांची भाषा येत नाही. सारखं ‘आज्जी कुठं’ म्हणतंय फोनवर. शुक्रवारचं तिकीट हाय माझं. तेवढं बघा, साहेब.”

मी तिला विमानतळाची हकिकत सांगितली. ती ऐकत राहिली, पण अर्थ पोचतोय असं दिसेना.

“तीन महिन्यांपूर्वी पासपोर्ट तिथे पकडला. मग तुमच्या कपाटात कसा?”

“पण होता की, साहेब. परवाच तर पाहिला मी. ह्या डोळ्यांनी.”

“नीट आठवून सांगा.”

“परवाच पाहिला हो.”

एकच प्रश्न सहा तऱ्हांनी विचारायची आमची रीत असते. मी तो सहा तऱ्हांनी विचारला. उत्तर तेच. शिकवून आणलेला माणूस तसं बोलतो, असं मी मनाशी ठरवून टाकलं. खरं बोलणाऱ्या माणसाकडे दुसरं उत्तरच नसतं, हे तेव्हा माझ्या डोक्यात आलं नाही.

दोन वाजता वरिष्ठांचा फोन आला. “तक्रारीवर तिची सही आहे, विमानतळावर मुद्देमाल आहे. आणखी काय हवं? पाचच्या आत ठरवा.” पाचचं कारण उघड होतं. सूर्यास्तानंतर स्त्रीला अटक करता येत नाही. त्यासाठी न्यायालयाची वेगळी परवानगी लागते, आणि ती आणायची कटकट कुणालाच नको होती.

सब-इन्स्पेक्टरने एफआयआरचा मसुदा लिहायला घेतला. त्यावर माझी सही झाली की पासपोर्ट अडकला. मग खटला, तारखा, वर्षं. शुक्रवारचं विमान तिला सोडून जाणार आणि ते पोर परक्या घरात आजीची वाट बघत राहणार, हे मला स्पष्ट दिसत होतं. वाईट वाटत होतं, नाही असं नाही. पण वाईट वाटणं हा पुरावा नव्हे, असं मी स्वतःला बजावलं.

तीन वाजता चहा मागवला. बाईने कप हातातही घेतला नाही. सब-इन्स्पेक्टरला दया आली असावी. ती जवळ जाऊन बसली आणि म्हणाली, “अम्मा, घर से किसी को बुला लो. हजबंड को फोन करो.”

“कुठून बोलावू, बेटा?” बाई म्हणाली. “हे परवाच गेले ना.” मग मुलीला कळावं म्हणून तिनेच पुन्हा सांगितलं, “परसोंइच गुजर गए.”

“अय्यो अम्मा!” सब-इन्स्पेक्टर उठून उभीच राहिली. दोन दिवसांपूर्वी नवरा गेलेल्या बाईला आपण सकाळपासून इथे कोंडून ठेवलंय, हे तिच्या तोंडावर लिहिलेलं होतं.

मी मात्र टेबलावरचे कागद ओढले. अर्जाबरोबर नवऱ्याच्या मृत्यूचा दाखला जोडलेला होता; गाडीत वाचलेल्या कागदांत तो नव्हता. तारीख वाचली आणि, खरं सांगतो, मला आनंद झाला. खोटं सापडल्याचा तो पोलिसी आनंद.

“बाई!” मी ओरडलो. “दाखल्यावर चार वर्षं झालीत! आणि तुम्ही सांगताय परवा गेले?”

तिने माझ्याकडे पाहिलं. भीती नव्हती त्या नजरेत. समोरच्याला साधी गोष्ट कळू नये याचं नवल होतं.

“मग? चार वर्षं म्हंजे परवाच की, भाऊ.”

साहेबाचा भाऊ कधी झाला ते तिलाही कळलं नसेल. मी खुर्चीत मागे टेकलो. कानात माझी आई बोलायला लागली. माझे केस पिकायला लागले तेव्हासुद्धा ती आल्यागेल्याला सांगायची, “परवाच तर याची मुंज झाली.” आमच्या गल्लीत परसों म्हणजे कालच्या आधीचा कुठलाही दिवस. गेला आठवडाही परसों, आणि थोरल्या भावाचं लग्नही परसों. तीच बोली बोलत मी वाढलो, आणि अंगावर खाकी चढल्यावर तो शब्द पंचांगात बघून ऐकायला लागलो.

मी ताबडतोब पोलीस ठाण्यात तक्रार लिहून घेणाऱ्या रायटरला फोन लावला. “बाईंनी तारीख सांगितली होती?”

“नै सर, तारीख कहाँ बोले. परसों बोले. डेट डाले बगैर कंप्यूटर में फॉर्म आगे जाताइच नहीं. मैं कैलेंडर देख को डाल दिया.”

मी फोन ठेवला आणि खुर्ची बाईंच्या समोर ओढली. आवाज आपोआप खाली आला. “ताई, कोणत्या परवा पाहिला पासपोर्ट? तारीख नको. सण सांगा.”

त्यांनी डोळे मिटले. “आषाढातले बोनाल व्हायचे होते.”

“यंदाचे?”

“नाही हो. गेल्या सालचे. पोरीनं बोलावलं होतं, म्हणून दिलसुखनगरच्या ट्रॅव्हल्सवाल्याकडं ही फाईल दिली, व्हिसासाठी. मग माझ्या डोळ्याचं ऑपरेशन निघालं, जाणं राहिलं. त्यानं फाईल दोरी बांधून परत दिली. मी कपाटात ठेवली.”

“उघडून बघितली?”

“कायकू बघू? फाईल आली म्हंजे सगळंच आलं ना.”

अकरा महिने ती दोरी कुणी सोडली नव्हती. गेल्या आठवड्यात सोडली तेव्हा पासपोर्ट नव्हता. त्यांच्या हिशेबी तो ‘परवापर्यंत’ कपाटातच होता, कारण फाईल कपाटात होती. मी त्यांच्या मांडीवरची निळी फाईल मागितली. लाइट बिल, शाळेचं पत्र, फोटो, आणि तळाला ट्रॅव्हल्सच्या पॅडची चुरगळलेली चिठ्ठी. मूळ पासपोर्ट मिळाला, खाली सही, शिक्का. तारीख अकरा महिन्यांपूर्वीची. सकाळपासून ती चिठ्ठी माझ्यापासून हातभर अंतरावर होती.

सव्वातीन झाले होते. वरिष्ठांना कळवलं. “पाचपर्यंत,” ते एवढंच म्हणाले.

दिलसुखनगरला एका कोचिंग क्लासच्या जिन्यावरून वर गेलं की ते ट्रॅव्हल्सचं दुकान. जिन्यात पोरांची एवढी गर्दी की वर पोचायलाच पाच मिनिटं गेली. मालक चाळिशीचा, टापटीप. त्याने खुर्च्या पुसून दिल्या, थंड मागवलं. मी बाईंचं नाव घेताच म्हणाला, “सर, मैं खुद दिया वापस. मंगल का दिन था, साढ़े ग्यारह बजे. अम्मा हरी साड़ी पहने थे.”

मी वेळ विचारलीच नव्हती. रोज पन्नास गिऱ्हाइकं बघणाऱ्या माणसाला एका बाईच्या साडीचा रंग वर्षभर लक्षात राहतो? सकाळपासून पहिल्यांदा मला पायाखाली जमीन लागली.

“रजिस्टर दाखवा.”

रजिस्टरमध्ये फाईल परत केल्याची बाईंची सही होती. पासपोर्टच्या रकान्यात काहीच नव्हतं. सब-इन्स्पेक्टर काउंटरच्या मागे गेली आणि तिने खालच्या कपाटाची किल्ली मागितली. किल्ली घरी आहे, म्हणाला. ती म्हणाली, “ठीक है, पंच बुलाती हूँ, ताला उनके सामने तोड़ेंगे.” किल्ली त्याच्या खिशातून निघाली. खालच्या क्लासचे दोन शिक्षक पंच म्हणून आले, कपाट उघडलं. जुन्या माहितीपत्रकांखाली रबर लावलेले चार पासपोर्ट होते. चारही वयस्कर माणसांचे, ज्यांचं जाणं कुठल्या ना कुठल्या कारणाने राहिलं होतं.

तो खाली बसला. मग फार विचारावं लागलं नाही. म्हातारी माणसं फाईल उघडून बघत नाहीत, हे त्याला ठाऊक होतं. विमानतळावरच्या बाईला काय सांगायचं, तेही त्यानेच पढवलं होतं. मी पासपोर्ट कार्यालयात फोन केला तेव्हा पाचला दहा मिनिटं कमी होती.

त्या संध्याकाळी बाईंना निर्दोष ठरवणारा अहवाल मी माझ्या हाताने लिहिला. ते उत्तरेकडचे अधिकारी त्यासाठी थांबून राहिले, हे त्यांचे उपकार. गुरुवारी नवा पासपोर्ट बाईंच्या हातात पडला. तो दाखवायला त्या आमच्या ऑफिसात आल्या. मी माफी मागितली. शब्द जड गेले, पण मागितली.

“तुम्ही कोणत्या गल्लीतले, भाऊ?” त्यांनी विचारलं. मी काचीगुड्यातली आमची गल्ली सांगितली. त्या हसल्या. “आणि तुम्हाला परवा कळला नाही?”

जावयाच्या कंपनीने व्हिसा रातोरात काढून दिला आणि शुक्रवारी त्या गेल्या. शनिवारी माझ्या फोनवर एक फोटो आला. पोर त्यांच्या कडेवर झोपलेलं होतं, पदर मुठीत धरून.

पुढच्या नोकरीत मी एक केलं. जबाबात कुणी परवा, मागे, त्या वेळेला असं बोललं की तारीख टाकू दिली नाही. आधी सण विचारा, घरातलं लग्न विचारा, बाळंतपण विचारा, मग कॅलेंडर उघडा, असं हाताखालच्या पोरांना बजावलं. न विचारता घड्याळ सांगणाऱ्यापासून मात्र सावध राहायला सांगितलं. आपलं माणूस जातं तो दिवस दाखल्यावर एका जागी असतो आणि घरात दुसऱ्याच जागी, हे तेव्हा मला समजलं असं वाटलं होतं. समजलं नव्हतं.

या वर्षी माझ्या पासपोर्टची मुदत संपली. त्याच कार्यालयात गेलो, टोकन घेतलं, रांगेत बसलो. खिडकीवर पोरसवदा कारकून होता. पत्नीच्या नावाचा रकाना बदलायचा होता.

“मॅडम कब गुजरे, सर?”

“परसों,” मी म्हणालो.

त्याची बोटं की-बोर्डवर थांबली. तो दचकून माझ्याकडे बघायला लागला. मी फाईल उघडली आणि दाखला त्याच्या पुढे सरकवला. त्यावर सहा वर्षांपूर्वीची तारीख आहे.